नसेवर नस चढत नाही

कामठीत कोणाचाही हात दुखू द्या, पाच मिनिटांच्या आत कोणीतरी निदान सांगून मोकळं होतं, ‘नस चढली.’ गाडीवरून पडलेल्याची नस चढते, रात्रभर एका कुशीवर झोपलेल्याची चढते, साठीच्या मधुमेही माणसाचा खांदा वर जाईनासा झाला तरी नसच चढलेली असते. मग तेल कोमट केलं जातं आणि नस उतरवून देणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता सरळ लिहिते : एका नसेवर दुसरी नस चढत नाही. शरीरात तशी सोयच नाही.

घोळ मुळात शब्दात आहे. सलाईन लावताना नर्सबाई शोधतात ती नस म्हणजे रक्तवाहिनी. मानेत दबली म्हणतात ती नस म्हणजे चेतातंतू. स्पर्श, वेदना आणि हालचालीचे संदेश नेणारी तार. आणि मूठ आवळून मनगट आत वळवलं की कातडीखाली जी दोरी ताठ उभी राहते तीही आपल्या लेखी नसच. प्रत्यक्षात ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. (काहींच्या हातात मनगटाच्या मधोमधची ही दोरी जन्मतःच नसते आणि त्यांचं काहीही अडत नाही.) तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं, त्यामुळे तिन्हींवर उपायही एकच ठरला : चोळा.

मालिश करणाऱ्याच्या अंगठ्याखाली काहीतरी टणक लागतं, दाबलं की ते सटकतं, हे खरं आहे. तो खोटं बोलत नसतो. पण तो असतो आवळून घट्ट झालेल्या स्नायूचा पट्टा. चोळल्यावर तो थोडा सैलावतो, बरं वाटतं. बरं वाटण्यात गैर काहीच नाही. नस जागेवरून सरकण्याचा एक प्रकार मात्र खरोखर आहे, तोही सांगायला हवा. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथला चेतातंतू काही लोकांत हात दुमडताना हाडावरून सरकतो. त्यातल्या बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, आणि तो तंतू सरकतो हाडावरून, दुसऱ्या नसेवर चढत नाही. तो चोळून बसवायचाही नसतो.

मग नस उतरवल्याचा अनुभव घरोघरी का? कारण हाताची बरीच दुखणी काही आठवड्यांत आपली आपण ओसरतात. मानेतून हातात उतरणारी कळसुद्धा बहुतेकांची काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना निवळते. त्या काळात जो शेवटचा उपाय केला, श्रेय त्याला. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ शोधणारं गाव आपलं. तिथेही दुखणं जाणारच होतं, लाथेला मान मिळाला.

इथवर असतं तर मी गप्प बसले असते. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

कामठी हे बिडीचंही गाव. कामगार नेते बाबू हरदास (१९०४–१९३९) याच गावचे. त्यांनी ज्यांना संघटित केलं ते बिडी मजूर होते. बिडी वळताना भिजवलेलं तेंदूपान कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, धागा बांधायचा, तोंड मुडपायचं. आणि हे हजार बिड्यांवर मजुरी असल्यामुळे दिवसभर. मान खाली, सूप मांडीवर, आणि काम सगळं अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाचं. अशा हाताला रात्री दोन-तीन वाजता मुंग्या येतात, बोटं जळजळतात, बाई उठून हात झटकते, थोडं बरं वाटतं, पुन्हा झोपते. सकाळी घरचे सांगतात, नस चढली. तेल.

ही नस चढलेली नाही, दबलेली आहे, आणि तेल पोचणार नाही अशा जागी. तळहाताच्या सुरुवातीला लहान हाडांची कमान आणि तिच्यावर चिवट पट्ट्याचं छत असा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक चेतातंतू जातो. कंडरांच्या आवरणाला सूज आली की जागा कमी पडते आणि चेतातंतू चेपला जातो. डॉक्टर त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट मुडपलं जातं, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. सतत बोटांचं काम हे एक कारण. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण ही दुसरी. बायकांत हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून रात्री मुंग्या येणाऱ्या बाईची साखर आणि थायरॉइड तपासायला हवं. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर जातो.

सुरुवातीचा उपाय साधा आहे : रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, काही आठवडे रोज. तेवढ्याने भागलं नाही तर त्या बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, ज्याने काही महिने आराम पडू शकतो. तरीही त्रास राहिला, किंवा एनसीव्ही (चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या) तपासणीत नस फार दबलेली निघाली, तर हाताचा तेवढाच भाग बधिर करून ते छत कापणारी छोटी शस्त्रक्रिया. पण मालिशीत दोन-तीन वर्षं गेली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होतो, चिमटीत धागा धरवत नाही, पान निसटतं. झिजलेला तो स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरेल याची खात्री नसते. हजारावर पोट असलेल्या बाईची चिमूट गेली म्हणजे काय गेलं, हे कामठीत कोणाला समजावून सांगावं लागू नये.

तिला ‘आराम करा’ असं सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. आराम म्हणजे मजुरी बुडणं. जमण्यासारखं सांगावं : पाठ भिंतीला टेकवून बसा, सूप मांडीऐवजी पाटावर थोडं उंच ठेवा म्हणजे मान कमी झुकेल, अर्ध्या तासाने बोटं उघडून मिनिटभर हात खाली सोडा, कात्रीला धार ठेवा. बोथट कात्रीला जोर लागतो, आणि तो अंगठ्याच्या मुळाशी जातो.

बाकीचे समज थोडक्यात.

‘हात गळ्यात बांधून ठेवा, हलवू नका.’ हाड मोडलं असेल तर ठीक. नुसत्या दुखण्यासाठी खांदा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर तो आखडतो. मधुमेह असलेल्यांचा खांदा तर न बांधताही आखडू शकतो, आणि मोकळा व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं.

‘रात्री कूलरची हवा लागली, म्हणून हात बधिर झाला.’ हात अंगाखाली आला होता. पाच मिनिटांत जातं. जात नसेल किंवा रोज होत असेल तर कारण कूलर नाही.

‘नसांची इंजेक्शनं घेतली की नस मोकळी होते.’ बी-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवं. त्या कमतरतेच्या मुंग्या बहुधा आधी दोन्ही पायांत येतात. पण दबलेल्या नसेवरचं छत जीवनसत्त्वाने उचललं जात नाही.

‘टेनिस एल्बो खेळाडूंना होतो.’ धुणं पिळणाऱ्यांना, पाने फिरवणाऱ्या मेकॅनिकना जास्त. त्यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी २०१३ सालचा ऑस्ट्रेलियातला, ‘जामा’त छापलेला अभ्यास लक्षात ठेवावा : १६५ रुग्णांपैकी ज्यांना ते दिलं त्यांच्यातल्या ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षाच्या आत उलटलं, नुसतं खारं पाणी टोचलेल्यांत १२ टक्क्यांचं. मनगटाच्या बोगद्यात जे उपयोगी, ते कोपरावर नाही.

‘एमआरआयमध्ये मानेत गॅप निघाला, तेच कारण.’ घाई नको. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचा एमआरआय केला, तर ८७.६ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या (२०१५). अहवाल हाताच्या लक्षणांशी जुळायला हवा. मात्र हातांसोबत पाय अडखळू लागले, शर्टाची बटणं लावता येईनात, तर थांबू नये, आणि मान तर कोणाकडूनही मोडून घेऊ नये.

‘डावा हात दुखला तरच हृदय.’ हा समज जीव घेऊ शकतो. २००५ साली ‘जामा’तच आलेल्या आढाव्यात छातीतली कळ उजव्या किंवा दोन्ही हातांत जाणं हे डाव्यापेक्षाही मोठं धोक्याचं लक्षण ठरलं होतं. छातीत दडपण, घाम, धाप आणि कोणताही हात दुखत असेल, किंवा एक हात अचानक लुळा पडून तोंड वाकडं झालं वा बोली अडखळली, तर तेलाची वाटी खाली ठेवून १०८ लावावा.

राहिला रोजचा, न घाबरवणारा त्रास. मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा गावातल्या डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री एक काम करावं. कोऱ्या कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढावी आणि मुंग्या जिथे येतात तेवढाच भाग रंगवावा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू रंगली तर संशय मनगटावर. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू रंगली तर कोपरावर. मुंग्या कागदात न मावता दंडापर्यंत चढत असतील आणि मान वळवली की कळ वाढत असेल, तर मानेवर. ‘नस चढली’ असं सांगितल्यावर डॉक्टरला जे शोधायला वेळ जातो, ते या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. कागदाच्या कोपऱ्यात दोन गोष्टी आणखी टिपाव्यात : हात रात्री झटकावा लागतो का, आणि बिडी वळत असाल तर कोणत्या हाताने.