पैनगंगेच्या तळाचे गणित

नदीचा तळ दर पावसाळ्यात वर किंवा खाली सरकतो. पुराच्या चढत्या पाण्यात तो खरवडला जातो, पूर ओसरताना त्यावर पुन्हा भर पडते, आणि हिवाळ्यात दिसतो तो या दोन्हींतून उरलेला तळ असतो. तळ किती खरवडला जाईल, भर कोठे बसेल आणि दहा वर्षांनी पात्राचा उतार कसा असेल हे समीकरणे मांडून संगणकावर काढण्याच्या पद्धतीला गाळवहनाचे संगणकीय प्रारूप म्हणतात. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड आणि त्याभोवतीच्या गावांना या गणिताची गरज आहे. या भागाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांना विभागणारा उंचवटा आहे. त्याच्या पलीकडचे पाणी पूर्णेमार्गे तापीला जाते आणि अलीकडचे पैनगंगेत उतरते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीत जाते. केनवडच्या धुऱ्यावरून निसटलेली माती अशा रीतीने बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. तिच्यातली बरीचशी माती वाटेतच कोठेतरी थांबते, आणि ती नेमकी कोठे थांबते हे शोधणे हे प्रारूपाचे काम आहे.

हिशेबाचा पाया ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ फेलिक्स एक्सनर यांनी १९२५ च्या सुमारास घातला. पात्राच्या एका तुकड्यात जेवढी भर येते त्याहून कमी बाहेर गेली तर तळ चढतो, जास्त गेली तर तळ उतरतो, एवढेच एक्सनरचे समीकरण सांगते. समजा, १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पात्रात एका पुरात ३०० टन माती अडकली. ओल्या गाळाची घनता घनमीटरला दीड टन धरली तर तिचे २०० घनमीटर होतात, म्हणजे तळ १० सेंटिमीटर चढतो. पाणी काठ ओलांडून शेतात शिरले की हेच समीकरण शेताला लागू होते. केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत शेतजमिनीवर ३ इंचांहून जाड गाळ बसल्यास तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये, तर दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग गेल्यास हेक्टरी ४७,००० रुपये ठरवले आहेत. ३ इंच हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण एका एकरावर ३ इंच गाळ म्हणजे सुमारे १०९ ब्रास. एवढा गाळ ट्रॉलीने उपसण्याचा खर्च काय येतो, हे विचारायला शेतकऱ्याला दूर जावे लागत नाही. पंचनाम्यात ‘जमीन खरडून गेली’ आणि ‘गाळ साचला’ या दोन वेगळ्या नोंदी होतात. प्रारूपाच्या दृष्टीने त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

कण हलतो केव्हा, हा पुढचा प्रश्न. वाहते पाणी तळावर घासते. या घासण्याचा जोर पाण्याची खोली आणि पात्राचा उतार यांच्या गुणाकाराने ठरतो. दर हजार मीटरला एक मीटर उतार असलेल्या ओढ्यात दोन मीटर पाणी असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २० न्यूटन जोर पडतो. अमेरिकन अभियंता अल्बर्ट शील्ड्स यांनी १९३६ साली बर्लिनमध्ये प्रयोग करून दाखवले की प्रत्येक आकाराच्या सुट्या कणाला एक उंबरठा असतो आणि जोर त्याच्यापलीकडे गेला की कण सुटतो. वरच्या उदाहरणात अडीच सेंटिमीटरपर्यंतचे गोटे हलू लागतात. पाणी चार मीटर झाले की पाच सेंटिमीटरचे गोटेही निघतात.

उंबरठा ओलांडल्यावर किती भर वाहील याचे सूत्र स्वित्झर्लंडमध्ये मायर-पीटर आणि म्युलर यांनी १९४८ साली दिले. त्यात भरीचे प्रमाण उंबरठ्यावरच्या जादा जोराच्या दीड घाताने वाढते. जोर उंबरठ्याच्या दीडपट असताना जेवढी भर वाहते, तिच्या आठपट भर जोर तिप्पट झाल्यावर वाहते. म्हणजे या उदाहरणात पाण्याची खोली दुप्पट झाली की तळावरून सरकणारी भर आठपट होते. वर्षभराची बरीचशी माती मोजक्या चार-दोन पुरांत का निघून जाते, याचे उत्तर या घातात आहे. विश्वास काळे यांच्यासारख्या पुण्याच्या भूरूपशास्त्रज्ञांनी दख्खनच्या नद्यांवर केलेल्या अभ्यासातूनही मोसमी महापुरांचे हेच वर्चस्व पुढे आले. पावसाची सरासरी वापरून चालवलेले प्रारूप या भागात फसते ते त्यामुळेच. जूनमधला एका रात्रीचा पाऊस सरासरीत विरून जातो, आणि त्या वर्षीचे खरे काम त्यानेच केलेले असते.

स्वित्झर्लंडमधल्याच झुरिचमध्ये मायर-पीटर यांच्या हाताखाली अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे थोरले चिरंजीव हान्स अल्बर्ट शिकले. कण कधी उडी घेईल आणि कधी थबकेल हे निश्चित सांगता येत नाही, फक्त त्याची संभाव्यता मांडता येते, ही कल्पना त्यांनी गाळवहनात आणली. तळावरून घरंगळणारी भर आणि पाण्यात तरंगणारा गाळ यांचा एकत्र हिशेब करण्याची त्यांची १९५० सालची पद्धत पुढच्या अनेक सूत्रांची जननी ठरली.

ही सारी सूत्रे मुख्यतः सुट्या वाळूसाठी आणि खड्यांसाठी आहेत. वाशिमची माती तशी नाही. बेसाल्टच्या झिजेतून झालेल्या काळ्या जमिनीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, ढेकळांचे कोपरे सुटतात, पहिल्या पावसात ती ढेकळे फुटून पाण्यात मिसळतात, आणि एकदा भिजून एकजीव झालेली हीच माती प्रवाहाला चिवट विरोध करते. येथे उंबरठा कणाच्या आकारावर ठरत नाही. तो कणाकणांतल्या बंधावर, मातीतल्या क्षारांवर आणि आधीच्या ओलीवर ठरतो. अशा मातीसाठी इमॅन्युएल पार्थेनियाडिस यांनी १९६५ साली दिलेले सूत्र वापरतात. त्यातले दोन स्थिरांक कोणत्याही पुस्तकातून उचलता येत नाहीत. काठावर जाऊन, मातीवर पाण्याचा झोत मारून, किती वेळात किती खोल खड्डा पडतो हे मोजावे लागते. खोऱ्याच्या अहवालांत बहुतेक वेळा ही चाचणी वगळली जाते, आणि त्याबरोबरच अहवालाची अर्धी किंमतही जाते.

गाळ बसण्याच्या बाजूलाही असाच फरक आहे. अर्ध्या मिलिमीटरची वाळू स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पंधरा सेकंदांच्या आसपास घेते. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा सुटा कण तेवढ्याच अंतराला तीन दिवसांहून जास्त घेतो. म्हणून वाळू आणि मुरूम ओढ्याच्या पहिल्याच संथ डोहात बसतात, तर काळा गाळ बंधाऱ्यांमागून बंधारे ओलांडत पैनगंगेवरच्या इसापूर धरणापर्यंत जाऊ शकतो. पाण्यातल्या क्षारांमुळे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुच्छ झाले, तर ते बरेच लवकर खाली बसतात. त्यामुळे प्रारूपाला पाण्याचा गुणधर्मही विचारात घ्यावा लागतो.

संगणक हे सर्व टप्प्याटप्प्याने करतो. पात्र आडव्या छेदांत वाटले जाते. प्रत्येक छेदात पाण्याची पातळी आणि वेग काढण्यासाठी फ्रेंच अभियंता सँ-व्हेनाँ यांची १८७१ ची समीकरणे सोडवतात. मग तळावरचा जोर, सुटणारी आणि बसणारी भर, आणि शेवटी एक्सनरच्या समीकरणाने तळाची नवी उंची काढतात. बदललेल्या तळावर पाणी पुन्हा सोडले जाते. पुराच्या शिखरावर हा फेरा काही मिनिटांच्या अंतराने चालवावा लागतो, संथ प्रवाहात तासातासाचे अंतर पुरते. अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने १९७० च्या दशकात ‘हेक-६’ ही आज्ञावली तयार केली. तिचा वारसा चालवणाऱ्या ‘हेक-रास’मध्ये २००८ पासून गाळाचा हिशेब आहे आणि ती विनामूल्य मिळते. नेदरलँड्समधली ‘डेल्फ्ट-३डी’ २०११ पासून खुली झाली. डेन्मार्कची ‘माईक’ विकत घ्यावी लागते. साधन मिळण्याची अडचण आता फारशी नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या साध्या संगणकावरही गावओढ्याचे प्रारूप चालते.

अडचण आहे ती आत भरायच्या आकड्यांची. तळाच्या खडबडीतपणाचा मॅनिंग गुणांक घेऊ. स्वच्छ मातीच्या नाल्यासाठी तो ०.०३५ च्या जवळपास धरतात. पण विदर्भातले अनेक नाले बेशरमाने आणि वेड्या बाभळीने भरलेले असतात. तेथे तो ०.०७ झाला, तर तेवढ्याच खोलीला आणि उताराला पाण्याचा वेग निम्मा होतो. पाणी तुंबून काठ ओलांडते आणि गाळ शेतात उतरतो. दुसरी चूक खडकाची. ओढ्यात काही ठिकाणी हात-दीड हात मातीखाली अखंड बेसाल्ट लागतो, तर काही ठिकाणी काठ जुन्या गाळाच्या जाड थरांत कोरलेले असतात. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी दख्खनच्या नद्यांकाठचे हे प्राचीन थर आयुष्यभर अभ्यासले. खडकाची पातळी प्रत्येक छेदात भरली नाही, तर प्रारूप बेसाल्टसुद्धा वाळूसारखा खरवडत जाते आणि उत्तर कागदावर नीटनेटके दिसते.

तिसरी उणीव भूरूपाच्या नकाशांची. उपग्रहावरून मिळणारी मोफत उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटींत असते आणि तिच्यात काही मीटरची चूक राहते. दहा मीटर रुंदीचा ओढा तिला दिसतच नाही. ड्रोनने किंवा सरळ लेव्हल यंत्र लावून घेतलेले छेदच येथे कामाचे. गाळाचे नमुने केंद्रीय जल आयोग नद्यांवरच्या ठरावीक केंद्रांवर घेतो आणि त्यांची ०.२ मिलिमीटरहून जाड, ०.०७५ पर्यंत मध्यम आणि त्याहून बारीक अशी विभागणी करतो. हे काम मोलाचे आहे, पण ही केंद्रे मोठ्या नद्यांवर असतात, गावओढ्यांवर नसतात. एक पर्याय धरणांचा आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून वेगवेगळ्या पातळ्यांना जलाशयाचे क्षेत्र मोजून साठा किती घटला ते काढते. वरच्या खोऱ्यातून काही वर्षांत एकूण किती माती आली, याचा तो विश्वासार्ह पुरावा असतो आणि प्रारूप त्यावर पडताळता येते.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेले आणि पुढे खडकवासल्याला स्थिरावलेले केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र हे या विषयातले देशातले सर्वांत जुने घर आहे. तेथे क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या वळणांवर आणि कालव्यांच्या तळांवर प्रयोग केले. त्यांचा नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा ग्रंथ १९४९ साली पुण्यातून निघाला. मैदानात नदीची लहान प्रतिकृती करून तीत पाणी सोडण्याची ही परंपरा. या प्रतिकृतीत एक अडचण कायम असते: नदी शंभरपट लहान केली तरी वाळूचा कण शंभरपट लहान करता येत नाही, कारण तसे केले की त्याची चिकणमाती होते. त्यामुळे तळाला कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वापरावे लागतात. संगणकाला ही अडचण नाही, मात्र पुलाच्या खांबाशी उठणारे भोवरे प्रतिकृतीत अजूनही जास्त भरवशाने दिसतात. रुडकी आणि पुणे येथे काम केलेले आर. जे. गर्दे यांनी के. जी. रंगा राजू यांच्याबरोबर लिहिलेले गाळवहनाचे पाठ्यपुस्तक भारतातल्या अभियंत्यांच्या पिढ्यांनी वापरले आहे.

केनवडसारख्या भागात प्रारूपाचा सर्वांत तातडीचा उपयोग नाला खोलीकरणात आहे. २०१४ च्या अखेरीस आलेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर नाले खोल आणि रुंद झाले, २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतात पसरला. दुसऱ्या योजनेचा लाभ उघड आहे: खोऱ्यातून गेलेली सुपीक माती परत जमिनीवर येते. पहिलीवर मात्र गंभीर आक्षेप आले. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांची याचिका उच्च न्यायालयात गेली आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. भौतिकी येथे स्पष्ट आहे. नाला मध्येच दोन मीटर खोदला की खड्ड्याच्या वरच्या कडेला उतार एकदम तीव्र होतो. तेथे तळ तुटू लागतो आणि ती तुटलेली कड पुरागणिक वरच्या अंगाला सरकते. काठ उघडे पडून ढासळतात, कधी वरच्या बंधाऱ्याचा पायाही उघडा पडतो. खड्ड्यात पाणी संथ होऊन भर बसते, आणि खालच्या अंगाला निघालेले पाणी भर नसल्यामुळे तेथला तळ खरवडते.

२०० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल खड्डा म्हणजे ४,००० घनमीटर, १,४०० ब्रासच्या वर. एका पुरात ४०० घनमीटर भर अडकली, तर दहा पुरांत तो भरून जातो. पाणी मुरण्याचे काम त्याच्याही आधी मंदावते, कारण तळावर बसलेला काळ्या गाळाचा पातळ थरसुद्धा मुरण्याची वाट बंद करतो. हे सर्व खोदण्याआधी काढता येते. खोली किती ठेवावी, वरच्या कडेला दगडी पायऱ्या कोठे लागतील, गाळ किती वर्षांनी काढावा लागेल, या तिन्ही प्रश्नांना प्रारूप उत्तर देते. यंत्राच्या तासांवर लाखो रुपये खर्च होतात, तेथे आठवडाभराची मोजणी टाळणे समर्थनीय नाही.

दुसरा उपयोग बंधाऱ्यांचा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात आणि पावसाळा संपताना बसवतात. पहिल्या पुरांत सर्वांत जास्त माती असते, ती मोकळ्या गाळ्यांतून निघून जावी, हा त्यामागचा हेतू. बरगे काढायला उशीर झाला किंवा ते लवकर बसवले, तर बंधाऱ्यामागचा तळ किती चढेल हे तारखा बदलून प्रारूपात पाहता येते. वाशिम जिल्ह्यात पैनगंगेवर बॅरेजची मालिका उभी राहिली आहे. तेथे एका बॅरेजची दारे केव्हा उघडली यावर पुढच्या बॅरेजमागे किती गाळ येणार हे ठरते, म्हणून दारांचे वेळापत्रक सर्व बॅरेज एकत्र धरून काढावे लागते.

गाळाच्या गणितात मोजलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत आलेले उत्तर चांगले मानतात. वाहत्या पाण्याच्या गणितात एवढी चूक कोणी खपवून घेणार नाही, येथे ती विषयाच्या स्वभावातच आहे. त्यामुळे प्रारूपाचा एकच आकडा जाहीर करणे चुकीचे ठरते. कमीतकमी आणि जास्तीतजास्त अशी मर्यादा द्यावी, आणि दोन पर्यायांची तुलना करावी, कारण तुलनेत प्रारूपाची चूक दोन्हीकडे बरीचशी सारखी पडते. आधीच्या काही वर्षांचे पूर त्यात चालवून मोजलेल्या तळाशी उत्तर जुळते का हे पाहावे, स्थिरांक त्याप्रमाणे बसवावेत, आणि बाजूला ठेवलेल्या वेगळ्या वर्षावर पुन्हा पडताळावे.

या पडताळणीला लागणारी सामग्री गावपातळीवर उभी करता येते. ओढ्यावर पुलाच्या कठड्याशी किंवा खडकावर पक्की खूण करून तिच्यापासून आठ-दहा आडवे छेद मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये घ्यायचे, पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर लिहायची, तळाची माती चाळणीतून काढून कणांचे प्रमाण नोंदवायचे, आणि पूर चढताना व ओसरताना बाटलीत पाणी भरून त्यातला गाळ वाळवून तोलायचा. चढत्या पुरातला नमुना महत्त्वाचा, कारण बहुतेक वेळा त्याच पातळीच्या ओसरत्या पाण्यापेक्षा त्यात गाळ जास्त असतो. तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी हाती आल्या की केनवडच्या ओढ्याचे प्रारूप परदेशी प्रयोगशाळेतल्या वाळूवर न चालता तेथल्याच मातीवर चालू शकते.