भिंतीपलीकडची बाग

‘याला आता ठाण्याला पाठवा!’ भाईंदरमधल्या गोडदेवच्या आमच्या आळीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ठाणं म्हणजे आमच्या जिल्ह्याचं गाव. सातबारा, कोर्ट, कलेक्टर कचेरी, सगळी कामं तिथेच. पण या वाक्यातलं ठाणं म्हणजे एकच जागा असायची, प्रादेशिक मनोरुग्णालय. कुणी जरा विसंगत बोललं की मोठी माणसं हे म्हणायची आणि आम्ही पोरं हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

दिवाळीच्या आधी या रुग्णालयात रुग्णांनी रंगवलेल्या पणत्या विकायला ठेवतात, राखीपौर्णिमेच्या आधी राख्या. पणत्यांच्या निमित्ताने मी पहिल्यांदा तिथे गेलो. गोडदेव नाक्यावरून काशिमिरा, तिथून घोडबंदर रस्ता. उजवीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, डावीकडे खाडी, आणि पुढे एकाला एक लागलेले टॉवर. एवढ्या काँक्रीटमधून आल्यावर रुग्णालयाच्या आवारात आधी डोळ्यांत भरतात ती झाडं.

हे रुग्णालय 1901 सालचं. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावावरून ते कितीतरी वर्षं ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल’ म्हणून ओळखलं जाई. मंजूर खाटा 1,850. राज्यात अशी सरकारी रुग्णालयं मोजकीच: येरवडा, नागपूर, रत्नागिरी आणि हे. त्या काळी मनोरुग्णालयं गावाबाहेर, ऐसपैस जागेवर बांधत. त्यामागे रुग्णांना नजरेआड ठेवण्याचा हेतू होता, हे नाकारता येत नाही. पण त्या नजरेआड ठेवण्यातूनच मोठी मोकळी जमीन राखली गेली, आणि शहर भिंतीला येऊन भिडलं तरी आतली सावली टिकली.

पणतीकडे मी नीट पाहिलं ते तिथे. कुंभाराकडून आलेली कच्च्या रंगाची पणती आधी पाण्यात भिजत घालायची, म्हणजे ती पुढे तेल पीत नाही. मग सावलीत वाळवायची. पांढऱ्या रंगाचा एक हात, तो सुकला की लाल, निळा किंवा हिरवा. शेवटी कोनातून काठावर ठिपके, टिकल्या, आरशाचे तुकडे. घरी आपण हे तासाभरात उरकतो. पण मनोविकारावरच्या काही औषधांनी हात थरथरतो, बोटं ताठरतात. अशा हाताने पणतीच्या गोल काठावर एकसारखे ठिपके देत जाणं, सुरू केलं तिथेच येऊन ते जुळवणं, ही केवढी गोष्ट आहे! या कामाला रुग्णालयाच्या भाषेत व्यवसायोपचार म्हणतात. शब्द रुक्ष आहे. पण एकामागून एक पायऱ्या लक्षात ठेवणं, रंग वाळेपर्यंत थांबणं, शेजाऱ्याकडे ब्रश मागणं, आजाराने नेमकं हेच हिरावून घेतलेलं असतं.

बागकामाचंही तसंच. रोपाला ठरल्या वेळी पाणी लागतं, म्हणून दिवसाला वेळापत्रक येतं. अंग हललं की रात्री झोप लागते. यातही जाणकारी लागते. क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा काम सकाळच्या कोवळ्या उन्हात, डोक्यावर टोपी घालून करायचं. म्हणूनच मोठ्या झाडांची सावली ही तिथे शोभेची गोष्ट नाही. सावली असेल तरच अशा रुग्णाला बाहेर आणता येतं.

चित्र आणि बाग यांचं हे नातं जुनं आहे. इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या क्षयरोग आरोग्यधामाची बाग गर्ट्रूड जेकिल या नामवंत उद्यानरचनाकार बाईंनी आखली होती. तिथेच 1938 साली एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयाने आजारी होऊन दाखल झाला. पडल्या पडल्या तो चित्रं काढू लागला, मग इतर रुग्णांना शिकवू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याचाच, 1942 सालचा.

त्यानंतरची एक नोंद मला फार जवळची आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका रुग्णालयाची जुनी कागदपत्रं तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामक औषधंही कमी लागली. हे वाचताना मला आई आठवली. ती शेवटी ज्या रुग्णालयात होती, तिथे खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि गळका पाइप होता. ‘बाहेर पाऊस आहे का रे?’ असं ती रोज विचारायची.

मनोरुग्णालयांमधल्या कामाला एक काळी बाजूही होती. रुग्णांकडून फुकटात राबवून घेण्याची रीत जगभर होती. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ते स्पष्टपणे बंद केलं: रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि त्याने काम केलं तर त्याला योग्य मोबदला दिला पाहिजे. म्हणून पणती घेताना कुणी भाव करू लागलं की मला राग येतो. ती दयेपोटी घ्यायची वस्तू नाही, कुणाच्या तरी मेहनतीचा तो दाम आहे.

आता जमिनीचं. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्थानक होतंय, त्यासाठी रुग्णालयाची सुमारे 15 एकर जागा लागते. न्यायालयाच्या जुन्या आदेशामुळे हे काम अडलं होतं. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. ठाणे स्थानकातली सकाळची गर्दी ज्याने अंगावर घेतली आहे, तो या स्थानकाला नको म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण त्यामुळे उरलेल्या प्रत्येक झाडाचं मोल वाढलं. परदेशात रुग्णालयांच्या बागांसाठी चित्रप्रदर्शनं भरवून देणग्या गोळा करतात. रुग्णांचा मोबदला त्यांच्या हाती जाऊ द्यावा. पण आपल्या ठाणे-भाईंदरच्या चित्रकारांनी आपली चार चित्रं पणत्यांच्या शेजारी मांडून चित्रांचे पैसे या बागेला दिले, तर किती बरं होईल! रोपं, खत, बसायला बाक, पाण्याचा पाइप, लागतं तरी किती?

मी त्या वर्षी बारा पणत्या आणल्या. त्यातल्या अकरांच्या काठावर ठिपक्यांची पूर्ण माळ होती. बारावीवर पिवळे ठिपके नेटके सुरू होऊन अर्ध्यावर थांबले होते, मग बोटभर मोकळी जागा, आणि त्यापुढे हिरव्या रंगात ती माळ पुरी केलेली. मध्ये दुपार गेली असेल, की आठवडा? की दुसऱ्याच कुणी ती हातात घेतली असेल? वसुबारसेला आमच्या गॅलरीत पहिली वात मी त्याच पणतीत लावली.