कोल पोर्टरचं गाणं बसवताना

जॅझ गाणारी माणसं चाल वाकवतात, शब्द मागे-पुढे टाकतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण मूळ गाणं पक्कं बसलेलं नसेल, तर ती मोकळीक उरत नाही, नुसती चाचपड होते. आज एका गाण्यावरून हे बघू.

कोल पोर्टर १८९१ साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पेरू गावी जन्मला. ब्रॉडवेच्या संगीतिकांसाठी त्यानं शेकडो गाणी लिहिली. जॉर्ज गर्श्विनच्या चालींना बहुतेक वेळा त्याचा भाऊ आयरा शब्द द्यायचा. पोर्टर मात्र शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच करायचा. त्यामुळे त्याच्या गाण्यात एकाला धक्का लावला की दुसरं हलतं.

१९४४ सालचं 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' घ्या. निरोपाचं गाणं आहे. सुरुवातीची चाल जवळजवळ एकाच स्वराभोवती घुटमळते. गाणाऱ्याला वाटतं, फारच साधं झालं, दोन हरकती घालाव्यात. पण निरोप घेताना पाय निघत नाही, तसा तो स्वर निघत नाहीये. पहिल्याच ओळीत हरकत घातली, की ते अडखळणंच पुसलं जातं.

पुढे शब्दांत मेजरचं मायनर होण्याचा उल्लेख येतो, आणि नेमकी तिथेच साथीतली मेजर कॉर्ड मायनर होते. आपल्या भाषेत सांगायचं, तर त्या कॉर्डच्या मूळ स्वराला सा मानला, की शुद्ध गंधाराचा कोमल गंधार होतो. एवढा एकच स्वर खाली सरकतो आणि सगळा रंग उतरतो. हे न कळता गायकानं तिथे शुद्ध गंधार लावला, तर शब्द एक सांगतात आणि गळा दुसरंच.

मग अभ्यास कसा करायचा? आधी शब्द चालीशिवाय, बोलल्यासारखे मोठ्यानं वाचा. श्वास कुठे येतो ते कळेल. मग छापील स्वरलिपीप्रमाणे चाल जशीच्या तशी गा. तिसरी पायरी म्हणजे प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर गात पूर्ण आवर्तन करा, आणि मग फक्त गंधार गा. हे बसलं, की शब्द तालाच्या किंचित मागे टाकून बघा. स्वर बदलायचे ते सगळ्यात शेवटी.

ख्यालातही आधी बंदिश बसवतात, मग विस्तार. इथे फरक एवढाच, की समेबरोबर बदलत्या कॉर्ड्सची साखळीही सांभाळावी लागते.

एला फिट्झजेराल्डनं १९५६ साली पोर्टरच्या गाण्यांचा अख्खा संग्रह ध्वनिमुद्रित केला. स्कॅटमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी त्या संग्रहात ती बरीचशी गाणी मूळ चालीला धरूनच गाते. घरी गेल्यावर हे गाणं तिच्या आवाजात ऐका, आणि तो कोमल गंधार कुठे येतो ते पकडा.