दर फेरीला एक ग्रहण

22 जुलै 2009 च्या पहाटे मीरा-भाईंदरमधल्या हाटकेश भागावर सूर्य उगवला तोच ग्रासलेला. खग्रास पट्टा सुरतेवरून गेला. मीरा-भाईंदरच्या वाट्याला खंडग्रास ग्रहण आणि पावसाळी आभाळ.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या मेक्सिकोत घडवलेल्या, अंतराळयानांच्या संगणकीय खेळात ही चुटपुट नाही. खऱ्या चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने बहुतेक अमावास्यांना सावली पृथ्वीला चुकवते. खेळातला ‘मून’ मात्र कर्बिन ग्रहाच्या विषुववृत्तावरूनच फिरतो, तिरकेपणा शून्य. त्यामुळे दर अमावास्येला ग्रहण!

कौतुक ओसरलं की फटका कळतो. मूनच्या सावलीत शिरलेल्या यानाची सौर पॅनेल वीज देणं थांबवतात. बॅटरी संपली, की मानवरहित यान आज्ञा ऐकेनासं होतं. पंचांग बघून उड्डाण करावं, ते इथेच.