विश्लेषण : मुळशी जलाशयाभोवतीच्या पायवाटा कुणाच्या?

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची सर्वात जवळची डोंगरवाट म्हणजे मुळशी-ताम्हिणी. पाऊस लागला की अंधारबन, कुंडलिका दरी, देवकुंड ही नावे मोबाइलवर फिरू लागतात आणि पाठोपाठ ‘पर्यटकांना बंदी’ची बातमीही येते. या वाटा का बंद होतात, त्या कोणाच्या अखत्यारीत आहेत आणि ज्या जलाशयाभोवती त्या फिरतात तो मुळात कोणाचा, याचा हा आढावा.

हिंजवडी आणि मुळशी धरणाचा संबंध काय?

हिंजवडी हे प्रशासकीयदृष्ट्या मुळशी तालुक्यातलेच गाव. तालुक्याचे ठाणे पौडला. माण, घोटावडे, पिरंगुट, पौड असे पश्चिमेकडे गेले की तास-दीड तासात धरण लागते. अर्थात घोटावडे फाट्यावरच्या वाहनांच्या रांगेने परवानगी दिली तर! धरणाखालून निघणारी मुळा पौडवरून येते, हिंजवडीच्या शेजारच्या म्हाळुंगे-बालेवाडीला वळसा घालते आणि पुण्यात मुठेला मिळते. आयटी पार्कच्या पलीकडून वाहणारी, उन्हाळ्यात दुर्गंधी सोडणारी नदी ती हीच. तिच्या वरच्या अंगाला एवढे मोठे पाणी साठलेले असताना ती खाली इतकी रोडावलेली का, याचे उत्तर धरणाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

धरणातले पाणी जाते कुठे?

मुळशी धरण सरकारी नाही. टाटांच्या वीज कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी ते बांधले आणि १९२७ मध्ये ते पूर्ण झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचे आणि तेथून मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडून त्यावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना आहे. वीजगृह रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला आहे. जुनी जनित्रे १५० मेगावॉटची आणि नंतर जोडलेला, पाणी पुन्हा वर उचलू शकणारा संचही १५० मेगावॉटचा. वीज तयार झाल्यावर हे पाणी कुंडलिका नदीत उतरते. कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या बोटी सुटतात त्या याच पाण्यावर. वीजगृहातून विसर्ग झाला नाही तर उन्हाळ्यात तिथे बोट तरंगणार नाही.

म्हणजे जे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे, ते उलट फिरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. लोणावळा परिसरातली टाटांची इतर धरणे धरली तर असे सुमारे ४२ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला वळते. उजनीच्या लाभक्षेत्रातून आणि पुणे-पिंपरी चिंचवडकडून ‘मुळशीचे पाणी पूर्वेला द्या’ ही मागणी वारंवार होते, ती यामुळेच.

पायवाटा आधीच्या की धरण?

पायवाटा. त्याही कितीतरी आधीच्या. मुळशीचे खोरे हा मावळातला भाताचा मुलूख. तेथून कोकणात उतरायला सवाष्णी, वाघजाई, सवळ्या, ताम्हिणी अशा घाटवाटा होत्या. मीठ आणि सुकी मासळी वर यायची, धान्य खाली जायचे. तैलबैलाच्या दोन सरळसोट भिंती, एकोल्याजवळचा घनगड, कोरीगड आणि जलाशयाच्या वायव्येचा कैलासगड हे या वाटांवर नजर ठेवणारे किल्ले. आज आपण ज्याला ‘ट्रेक’ म्हणतो, तो त्या काळी बाजाराचा रस्ता होता.

धरण आले आणि खोऱ्याच्या तळातल्या वाटा गावांसह बुडाल्या. सुमारे पन्नास गावांवर पाणी येणार होते. कंपनीने जमिनीत चर खणायला सुरुवात केली, तीही मालकांना नीट न विचारता, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या आधाराने सरकार कंपनीच्या पाठीशी उभे राहिले. त्याविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. मावळे स्त्री-पुरुष कामाच्या जागी जाऊन बसले, त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. लढ्यात पुढे फूट पडली. अनेक जमिनी सावकारांकडे गहाण होत्या आणि त्या सावकारांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदल्यात रस होता. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह रेल्वेमार्गावर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. राजकीय अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात या सत्याग्रहाला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. जलाशयाकाठी सेल्फी काढणाऱ्यांना यातले काही सांगणारा फलक सहसा दिसत नाही. रिसॉर्टचे फलक मात्र वळणावळणावर आहेत.

जलाशयाभोवती पूर्ण फेरी मारता येते का?

नाही. काठालगतची बरीच जमीन कंपनीची, काही वनखात्याची, काही खासगी बंगल्यांची आणि रिसॉर्टची. दक्षिणेकडून ताम्हिणीचा रस्ता जातो. पश्चिमेकडून लोणावळा-आंबवणे-भांबर्डे-पिंपरी असा येणारा रस्ता त्याला निवेजवळ मिळतो. पायी फिरायचे ते या रस्त्यांवरून फुटणाऱ्या तुकड्यांमध्ये. त्यात कैलासगड सर्वात कमी गर्दीचा. वडुस्ते गावाजवळच्या खिंडीतून तासाभरात माथा गाठता येतो, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि मुळशीच्या पाण्याचे डोंगरांत शिरलेले फाटे जितके येथून दिसतात तितके दुसरीकडून दिसत नाहीत. तरीही रविवारी सगळ्या गाड्या पिंपरीला, अंधारबनाच्या तोंडाशीच थांबतात.

अंधारबनात असे काय आहे?

नावातच आहे. पिंपरीच्या छोट्या धरणाच्या कडेने वाट सुरू होते आणि थोड्याच वेळात जंगलात शिरते. छत्रासारखी जुळलेली झाडे, खाली ओलावा, भरदुपारीही संध्याकाळ वाटावी असा उजेड. एका हाताला कुंडलिकेची दरी तुटलेली असते. शेकरू आणि धनेश या भागात दिसतात. वाट साधारण १३-१४ किलोमीटरची असून मधे हिर्डी गाव लागते. तिथे घराघरांतून पिठले-भाकरी मिळते आणि पायांना विसावा. तेथून वाट भिऱ्याकडे उतरते. म्हणजे मुळशीचे पाणी बोगद्यातून जिथे पोहोचते तिथेच चालणारा माणूस डोंगरावरून पोहोचतो. चढ फारसा नाही, त्यामुळे ही वाट ‘सोपी’ म्हणून प्रसिद्ध झाली. घोळ तिथेच आहे.

‘सोपी’ वाट धोक्याची कशी?

ताम्हिणी हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या २४ तासांत तिथे साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला. पुणे शहरात एवढा पाऊस व्हायला जवळपास सबंध पावसाळा लागतो. खाली काळा कातळ, वर पातळ माती, उतार तीव्र. पाणी मुरायला जागाच नाही. डोंगरमाथ्यावर अर्धा तास जोराचा पाऊस झाला की घोट्याएवढा ओढा कमरेएवढा होतो, आणि तुम्ही उभे असता तिथे कदाचित थेंबही पडलेला नसतो. अंधारबनाची वाट असे अनेक ओढे ओलांडते. सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी परतीला अडतो, पुढचाही अडतो आणि माणूस मधल्या पट्ट्यात कोंडला जातो. कड्याकडेच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते. मदतीला येणाऱ्यांना स्ट्रेचर खांद्यावरून, त्याच ओढ्यांतून आणावे लागते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि आसपासचे गावकरी हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत.

धबधब्याखालचे डोह हा वेगळा सापळा. देवकुंड किंवा प्लस व्हॅलीतले पाणी वरून शांत दिसते. पण पडणाऱ्या धारेखाली भोवरा असतो आणि कातळाच्या कडा शेवाळाने गुळगुळीत झालेल्या असतात. पट्टीचा पोहणाराही तिथून सहज बाहेर येत नाही.

बंदी कोण घालते?

गोंधळ इथे सुरू होतो, कारण अधिकार अनेकांचे आहेत. ताम्हिणी परिसरातले सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगल २०१३ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, पाऊस असो वा नसो. दुसरीकडे जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४) धबधबे, कडे, डोह येथे जमावबंदी लागू करू शकतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश निघाले, आणि ताम्हिणी अभयारण्यातल्या वाटाही त्या पावसाळ्यात वनखात्याने बंद केल्या.

त्यात अंधारबनाची सुरुवात पुणे जिल्ह्यात आणि शेवट रायगडमध्ये. देवकुंड पूर्णपणे रायगडमध्ये. एका जिल्ह्याचा आदेश उठला तरी दुसऱ्याचा कायम असू शकतो. ट्रेकचे पैसे ऑनलाइन भरले म्हणजे परवानगी मिळाली असा समज करून आलेले लोक मग चौकीवर वाद घालतात. पैसे आयोजकाला दिलेले असतात, परवानगी वनखात्याची लागते. निघण्याआधी दोन्ही जिल्हा प्रशासनांचे ताजे आदेश पाहणे आणि आयोजकाकडे वनखात्याची पावती मागणे एवढे तरी करता येते.

बंदीचा फटका कोणाला?

हिंजवडीहून येणाऱ्याचा एक रविवार जातो. हिर्डी, पिंपरी, भिरा येथल्या माणसाचे वर्षाचे गणित बिघडते. भाताच्या लावणीनंतर हाताला रोख पैसा देणारे काम म्हणजे वाटाड्या होणे, जेवण करून देणे, गाड्या लावायला खाचर देणे. पर्यटनाचे चार महिने बंद झाले की हे सगळे बंद. दुसरीकडे बेसुमार गर्दीचा कचरा आणि मोठ्या आवाजातली गाणी यांचा त्रासही त्यांनाच, आणि बुडालेल्याला शोधायला दोर घेऊन उतरायचे तेही त्यांनीच. सरसकट बंदी प्रशासनाला सोपी पडते, कारण तिला एक आदेश आणि दोन पोलीस पुरतात. रोजची मर्यादित संख्या, वेळेचे बंधन, नोंदणीकृत स्थानिक वाटाड्या सोबत असणे आणि पावसाच्या इशाऱ्यानुसार त्या-त्या दिवशी वाट बंद ठेवणे हा मधला मार्ग अवघड आहे, त्याला मनुष्यबळ लागते. पण गावांना सोबत घेणारा तोच आहे. भिऱ्याहून देवकुंडला जाताना गावातला वाटाड्या घेण्याची पद्धत पडली, तिचा अनुभव या दृष्टीने उपयोगी ठरावा.

मग जायचे कधी?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. ओढे उतरलेले असतात, धुके विरळ होते, कैलासगड किंवा घनगडावरून दरी दिसते आणि जलाशय जवळजवळ भरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटू लागते तसा काठाचा चिखल उघडा पडतो. तो वरून वाळलेला आणि आत ओला असतो, त्यामुळे त्यावरून पाण्यापर्यंत चालत जाण्याचा मोह टाळलेला बरा. हिंजवडीहून पहाटे पाचला निघाले तर घोटावडे फाटा मोकळा मिळतो. अंधारबन करायचे असल्यास गाडी पिंपरीला ठेवून भागत नाही. वाट उतरते भिऱ्याला, आणि तिथून पिंपरीपर्यंत ताम्हिणी घाट चढून परत यायला वेगळे वाहन ठरवावे लागते. त्याची सोय आधी केलेली नसेल, तर हिर्डीहून मागे फिरलेले चांगले, तेही दुपारच्या आत.