संगणकातील दप्तर : जुळणी निराळी, राखण निराळी

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या मार्गावर, सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव वसलेले आहे. वसई-विरार परिसराला मिळणारे सूर्येचे पाणी येथील उदंचन केंद्रातून उपसले जाते आणि धुकटण येथे शुद्ध होऊन पुढे जाते. त्यामुळे या लहानशा गावाचे नाव दूरच्या शहरांतही, विशेषतः नळाला पाणी न आलेल्या दिवशी, घेतले जाते. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाच्या कामाचे 'गंजाड ते मासवण' आणि 'मासवण ते शिरसाड' असे टप्पे पडल्यापासून ते जमिनीच्या कागदपत्रांतही वारंवार येऊ लागले. सातबारा, फेरफार, वारसनोंदी, मोजणीचे नकाशे यांच्या प्रती काढण्यासाठी या भागातील शेतकऱ्यांना छायाप्रतींच्या दुकानांची पायरी अनेकदा चढावी लागली.

अशाच एका दुकानात घडलेली हकिगत प्रस्तुत लेखकाच्या कानी आली. रस्त्यासाठी जमीन गेलेल्या एका कुटुंबाने आपल्या शेतातील आंब्याची व ताडाची झाडे, विहीर आणि जुने घर यांची छायाचित्रे दुकानाच्या संगणकात ठेवावयास दिली होती. ज्या भ्रमणध्वनीवर ती टिपली होती, तो पुढे पावसात भिजून निकामी झाला. त्याची कोणास चिंता वाटली नाही. कारण दुकानदाराने संगणकातील सर्व दप्तर 'क्लाउड'वर, म्हणजे इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकांवर ठेवण्याची व्यवस्था केली होती. काही महिन्यांनी संगणकातील जागा भरत आली. 'सर्व काही वर आहेच' अशा विश्वासाने त्याने जुनी दालने संगणकातून पुसून टाकली. पावसाळ्यानंतर ते कुटुंब छायाचित्रांसाठी आले, तेव्हा ती संगणकातही नव्हती आणि क्लाउडवरही नव्हती. फेरफाराची प्रमाणित नक्कल पालघरला अर्ज करून मिळविता आली. तोडलेल्या झाडांची छायाचित्रे मात्र पुन्हा काढता येणारी नव्हती.

दुकानदाराने निष्काळजीपणा केला, असे म्हणून हा विषय संपत नाही. त्याने एक काम करणारी व्यवस्था दुसऱ्याच कामासाठी आहे असे समजून वापरली. ही चूक सुशिक्षितांकडूनही सर्रास होते. लेखकाने स्वतःही ती केलेली आहे. फक्त त्या वेळी हरवलेली वस्तू एका जुन्या भाषणाचा मसुदा होती, आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

या दोन व्यवस्थांना संगणकाच्या परिभाषेत 'सिंक' आणि 'बॅकअप' म्हणतात. मराठीत त्यांना अनुक्रमे जुळणी आणि राखीव प्रत म्हणता येईल. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा मुख्यतः जुळणीच्या आहेत. दुकानातील संगणक, घरचा संगणक आणि भ्रमणध्वनी या तिन्ही ठिकाणी एकच दप्तर सारखे दिसावे, हा त्यांचा हेतू. एका ठिकाणी कागद जोडला की तो सर्वत्र जोडला जातो, एका ठिकाणी दुरुस्ती केली की ती सर्वत्र होते. याच न्यायाने एका ठिकाणी कागद पुसला की तो सर्वत्र पुसला जातो. यात यंत्राची काही चूक नाही. नेमून दिलेले काम ते चोख बजावते.

मासवणच्या वाचकांना हा भेद पाण्याच्या उदाहरणाने चटकन उमजेल. जलवाहिनी नदीतील पाणी पुढे नेते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली तर उपशालाही गढूळच पाणी येते, आणि नदी आटली तर वाहिनीही कोरडी पडते. धामणी धरणाची गोष्ट वेगळी. तेथे मागच्या पावसाचे पाणी साठवून ठेवलेले असते आणि आज नदीत काय चालले आहे यावर ते अवलंबून नसते. जुळणी ही जलवाहिनी आहे, राखीव प्रत हे धरण आहे. वाहिनी कितीही लांब नेली तरी तिचे धरण होत नाही.

घोटाळा वाढण्यास सेवा पुरविणाऱ्यांची भाषाही कारणीभूत आहे. विंडोज संगणकात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स ही दालने वनड्राइव्हशी जोडण्याच्या सोयीला पडद्यावर 'बॅकअप' असेच नाव दिलेले आढळते. प्रत्यक्षात ती जुळणी असते. पडद्यावर दिसणारी प्रत्येक फाइल संगणकात असतेच असेही नाही. जागा वाचविण्यासाठी कित्येकदा तिचे केवळ नाव संगणकात ठेवले जाते आणि मजकूर दूरवर असतो. अशा वेळी ज्याला आपण दुसरी प्रत समजतो, ती एकमेव प्रत असते.

पुसलेली फाइल या सेवा लगेच नष्ट करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते. ऑक्टोबर २०२० पूर्वी ती पेटी आपण रिकामी करीपर्यंत भरलेलीच राहत असे. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही मुदत ३० दिवसांची आहे. चूक महिन्याच्या आत ध्यानात आली तर कागद परत मिळतो. परंतु जमिनीचा किंवा जातीच्या दाखल्याचा कागद कोणी दर महिन्याला उघडून पाहत नाही. त्याची आठवण होते ती वर्षा-दोन वर्षांनी, नोटीस आली किंवा मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश जवळ आला म्हणजे.

जुळणीवर विसंबल्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही स्पर्श करून गेले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे संगणक निकामी केले. या समूहाकडून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. आता वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालेली असल्याने, बंदराचे संगणक बंद पडणे म्हणजे काय, हा प्रश्न पालघरवासीयांनाही परका राहिलेला नाही.

कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकावर प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे मुख्य संगणक मर्स्ककडे जगभर होते. ते एकमेकांशी सतत जुळत असत. एक बंद पडला तरी दुसऱ्याकडे तीच नोंद मिळेल, असा हिशेब होता. एकाच वेळी सर्वच पुसले जातील, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती, आणि नेमके तेच घडले. शोधाशोध करता घाना देशातील एका कार्यालयात एक संगणक शाबूत आढळला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि वाचला. तेथील संपर्कजाळे इतके मंद होते की ती माहिती तारेवरून पाठविणे अव्यवहार्य ठरले. तबकडी एका कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली आणि तेथून दुसऱ्याने ती इंग्लंडला पोहोचविली. हजारो संगणकांची नव्याने उभारणी करावी लागली आणि समूहाला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. पावसाळ्यात वीज गेली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आपल्या खेड्यांतील वाचकांना वीज गेल्यामुळे झालेला हा लाभ नवलाचा वाटेल.

राखीव प्रत म्हणजे जी मूळ दप्तरापासून तुटलेली आहे, ती. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला दंडक असा की, दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. घरगुती कामासाठी याचा अर्थ साधा आहे. संगणकात मूळ दप्तर, संगणकाला अधूनमधून जोडून पुन्हा काढून ठेवायची बाहेरची हार्ड डिस्क, आणि तिसरी प्रत क्लाउडवर किंवा नातेवाइकाच्या घरी. डिस्क कायम जोडून ठेवली तर संगणकात शिरलेला विषाणू तिच्यावरही पोहोचतो, म्हणून काम संपताच ती काढावयाची. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' आणि ॲपलच्या संगणकांतील 'टाइम मशीन' या सोयी बाहेरच्या डिस्कवर फाइलीच्या जुन्या आवृत्त्या तारखेवार जपतात. गेल्या महिन्यातील हिशेब आज चुकून बदलला गेला, तरी गेल्या महिन्याचा हिशेब हाती राहतो. क्लाउडवर खऱ्या अर्थाने राखीव प्रती ठेवणाऱ्या सशुल्क सेवाही आहेत, पण पुसलेली फाइल त्या किती दिवस जपतात हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे.

जुळणीची सेवा सोडून द्यावी, असा याचा अर्थ कोणी करू नये. संगणक चोरीस गेला किंवा पुरात बुडाला, तर तीच उपयोगी पडते. गूगलच्या एका विनामूल्य खात्यात टपाल, छायाचित्रे आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा असते, तेवढी घरातील कागदांना सहसा पुरते. मात्र जागा भरली की जुळणी थांबते आणि त्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येऊन जाते, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गावातील दुकानांनी आणखी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ग्राहकाचे आधारपत्र किंवा बँकेचे पुस्तक त्याच्या संमतीशिवाय साठवू नये, आणि ज्याचे दप्तर संमतीने ठेवले आहे त्याला त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर द्यावी. पेनड्राइव्ह हरवतो हे खरे, पण तो मालकाच्या घरी असतो आणि दुकानाची जागा भरली म्हणून रिकामा होत नाही.

त्या दुकानदाराने आता एक डिस्क घेतली आहे. दर शनिवारी दुकान बंद करण्यापूर्वी तो तिच्यावर आठवड्याचे दप्तर उतरवितो, ग्राहकासमक्षच एखादी फाइल उघडून पाहतो आणि डिस्क काढून घरी कुलपात ठेवतो. झाडांच्या छायाचित्रांपैकी दोन त्या कुटुंबाला नंतर मिळाली. ती मुंबईस असलेल्या भाच्याला एका सणाच्या दिवशी सहज पाठविलेली होती. त्यांत घर आहे आणि एक ताड आहे, विहीर नाही.