जाडी घटते, तेव्हा आणखी काय घटते?

आधी एक छोटासा प्रयोग करू या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून सारख्या लांबी-रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. त्यांपैकी दोन एकमेकींना सर्वत्र गोंद लावून चिकटवा आणि वाळू द्या. आता एकेरी पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवा व मधोमध रुपयाचे एक नाणे ठेवा. पट्टी किती वाकली ते मोजा. मग तिच्या जागी जोडपट्टी ठेवा. तेवढीच वाकवण्यासाठी तिच्यावर किती नाणी ठेवावी लागतील? दोन? नाही, सुमारे आठ!

असे का व्हावे? पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा थर ताणला जातो. हे थर एकमेकांपासून जितके दूर, तितका वाकण्याला विरोध अधिक. हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली, तर विरोध आठपट. उलट, जाडी निम्मी केली तर विरोध आठव्या हिश्शावर येतो.

आता हाच नियम मोबाइल फोनला लावून पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपल कंपनीने दोन फोन एकाच दिवशी जाहीर केले. ‘आयफोन १७’ची जाडी ७.९५ मिलिमीटर, तर ‘आयफोन एअर’ची केवळ ५.६४ मिलिमीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागा आणि उत्तराचा घन करा. उत्तर येते सुमारे २.८. म्हणजे पदार्थ आणि रुंदी तीच ठेवली असती, तर पातळ फोन जवळजवळ तिप्पट सहजपणे वाकला असता. ही भीती काल्पनिक नाही. २०१४ साली याच कंपनीचा ७.१ मिलिमीटर जाडीचा ‘आयफोन ६ प्लस’ खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या. पुढच्या वर्षीचा फोन थोडा जाड आणि अधिक बळकट ॲल्युमिनियमचा निघाला. ‘एअर’ची चौकट मात्र ॲल्युमिनियमची नाही, टायटॅनियमची आहे. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे दीडपट ताठ असते. पण ते महागही असते आणि घडवायलाही कठीण.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. समजा, एक फोन ८ मिलिमीटर जाड आहे आणि त्यातले ३ मिलिमीटर पडदा, काच व पाठीचे आवरण यांनाच लागतात. आत उरले ५. आता फोनची जाडी ५.६ केली, तर आत उरतील फक्त २.६. बाहेरची जाडी तीस टक्क्यांनी घटली, पण आतली जागा जवळजवळ निम्म्यावर आली! बॅटरीत साठणारी ऊर्जा तिच्या घनफळावर अवलंबून असते. म्हणूनच ‘एअर’च्या रचनाकारांनी फोन लांबी-रुंदीला मोठा केला, बरीचशी यंत्रणा कॅमेऱ्याजवळच्या उंचवट्यात नेली आणि उरलेली जागा बॅटरीला दिली. तरीही कंपनीच्याच आकड्यांनुसार जाड फोनवर ३० तास चित्रफीत पाहता येते, तर पातळ फोनवर २७ तास. शिवाय ‘एअर’च्या पाठीला चिकटवायची जादा बॅटरीही कंपनी वेगळे पैसे घेऊन विकते. ती चिकटवली की पातळपणा कुठे राहिला?

आणि तो उंचवटा तरी का? कॅमेऱ्याचे भिंग आणि प्रकाश टिपणारा संवेदक यांच्यामध्ये ठरावीक अंतर लागतेच. ते काढून टाकता येत नाही. म्हणून ५.६४ हा आकडा उंचवटा सोडून मोजलेला आहे. ‘आयफोन १७’च्या पाठीला दोन कॅमेरे आहेत, ‘एअर’ला एकच.

तरीही २०२५ मध्ये भारतात आरंभीची किंमत ‘१७’ची ८२,९०० रुपये आणि ‘एअर’ची १,१९,९०० रुपये होती! मग लोक पातळ फोनकडे का ओढले जातात? दुकानात फोन हातात घेतला की त्याचा पातळपणा क्षणात जाणवतो. बॅटरी किती पुरते, हे तिथे उभ्या उभ्या कळत नाही. २००४ साली आलेला मोटोरोलाचा १३.९ मिलिमीटरचा ‘रेझर’ याच आकर्षणावर कोट्यवधींनी खपला. त्यात गैर काहीच नाही. हलकी, सुबक वस्तू हाताळण्यात आनंद असतो, आणि पातळपणाच्या हव्यासातून अभियंते नवे काही शिकतातही. गंमत अशी, की घरी आल्यावर आपणच त्या फोनवर जाडजूड कव्हर चढवतो!

तेव्हा घरात नवा फोन घ्यायचे ठरेल, त्या दिवशी आई-बाबांबरोबर तुम्हीही दुकानात जा. विक्रेता फोन किती पातळ आहे ते सांगेल. तुम्ही विचारा, हा पातळपणा कशाच्या बदल्यात मिळाला? बॅटरी किती, कॅमेरे किती, चौकट कशाची? मग त्या बदल्याची आपल्या घराला गरज आहे का, हे सर्वांनी मिळून ठरवा. आणि कोणी म्हणाले, ‘दोन मिलिमीटरने काय फरक पडतो?’ तर त्यांना तुमच्या कागदी पट्ट्या आणि आठ नाणी दाखवा.